ओव्हर द्यायची कशी आणि घ्यायची कशी: नव्या डॉक्टरांना शिकवण्याची पद्धत

“बेड १४, डेंग्यू, प्लेटलेट ३८ हजार, स्टेबल आहे. सकाळी सीबीसी पाठव.”

रात्री आठला मेडिसिनच्या वॉर्डात दिलेली ही ओव्हर, म्हणजे पाळी संपताना आपले रुग्ण पुढच्या डॉक्टरच्या हाती सोपवताना द्यायची माहिती. (सीबीसी म्हणजे रक्तपेशींची तपासणी.) तिच्यात एकही शब्द खोटा नाही, तरीही ती धोक्याची आहे. या बाईचा ताप दुपारी तीनला उतरला आहे, सकाळी ३८ असलेले हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण) संध्याकाळी ४४ झाले आहे आणि दुपारपासून तिला लघवी फारशी झालेली नाही. डेंग्यूमध्ये ताप उतरायच्या सुमारासच रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, झिरपू लागतो आणि पुढचे २४ ते ४८ तास जोखमीचे असतात. दिवसभर तिच्याजवळ असलेल्या डॉक्टरला हे सगळे माहीत आहे. त्याच्या लेखी ‘स्टेबल’ म्हणजे ‘आत्तापर्यंत बीपी टिकलेय, रात्री डोळ्यात तेल घालून बघायला हवे’. ऐकणाऱ्याच्या लेखी ‘स्टेबल’ म्हणजे ‘सकाळपर्यंत इथे जायची गरज नाही’.

शिकागो विद्यापीठात बालरोग विभागाच्या इंटर्नवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ओव्हर देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वेगवेगळे विचारले गेले की या रुग्णाबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती. ६० टक्के वेळा ती गोष्ट घेणाऱ्यापर्यंत पोचलीच नव्हती. देणाऱ्याला मात्र ती पोचली असे वाटत होते. ‘नीट सांगत जा रे’ असे नव्या मुलांना बजावून काही बदलत नाही, ते यामुळेच. आपण नीटच सांगितले, अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत असते. म्हणून पुढची सगळी पद्धत एकाच प्रश्नावर उभी आहे: ओव्हर संपल्यावर घेणाऱ्याच्या हातात काय उरले? युनिटमध्ये इंटर्न आणि जेआर-१ (पहिल्या वर्षाचे ज्युनियर रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थी) यांना तयार करणारे लेक्चरर, सीनियर रेसिडेंट आणि जेआर-३ यांच्यासाठी ती लिहिली आहे.

आधी युनिटने आपले घर आवरावे

ओव्हरला जागा आणि वेळ नसेल तर प्रशिक्षण वाया जाते. दोन पाळ्यांच्या मध्ये ३० मिनिटे अशी ठेवा की देणारा आणि घेणारा दोघेही हजर असतील. ओपीडी लांबली म्हणून ओव्हर जिन्यात उरकायची किंवा घरी पोचल्यावर फोनवरून द्यायची, ही सवय याच अर्ध्या तासाच्या अभावातून लागते. सिस्टरांची पाळी बदलते त्याच वेळी डॉक्टरांची ओव्हर ठेवू नका. दोन्ही एकाच वेळी झाल्या तर ती वीस-पंचवीस मिनिटे वॉर्डाकडे कोणाचेच लक्ष नसते. अर्ध्या तासाचा फरक ठेवला तरी पुरतो.

त्या अर्ध्या तासात कॉलचा फोन तिसऱ्या माणसाकडे द्या. इंटर्न असेल तर त्याच्याकडे. ओव्हर कशासाठी थांबवायची तेही ठरवून सांगा: रुग्ण कोसळला, झटका आला, दम वाढला, रक्तस्राव सुरू झाला. रिपोर्टवर सही, डिस्चार्ज कार्ड, नातेवाइकांची चौकशी यासाठी थांबवायची नाही. मध्येच तुटलेली ओव्हर पुढच्या रुग्णापासून सुरू होते आणि अर्धवट राहिलेला रुग्ण ‘झाला’ म्हणून मोजला जातो.

आता वेळेचा हिशोब. नीट ओव्हरला रुग्णामागे अडीच-तीन मिनिटे लागतात. आपल्या वॉर्डात ४० रुग्ण असतील तर एक तास ४० मिनिटे ते दोन तास होतील आणि तेवढे कोणालाच शक्य नाही. म्हणून आधी गंभीरतेनुसार वाटणी करा: लाल सर्वांत गंभीर, मग पिवळा, मग हिरवा. पाच रुग्ण लाल, दहा पिवळे, पंचवीस हिरवे असतील तर लाल रुग्णाला ३ मिनिटे बेडजवळ, पिवळ्याला १ मिनिट ड्युटी रूममध्ये आणि हिरव्याला एक ओळ, म्हणजे साधारण १० सेकंद. बेरीज २९ मिनिटे. सगळ्यांना सारखाच वेळ देणाऱ्या ओव्हरमध्ये पहिल्या दहा बेडना भरपूर मिळतो आणि शेवटच्या दहांना काहीच नाही. गंभीर रुग्ण कुठल्या बेडवर आहे हा मग नशिबाचा भाग ठरतो. म्हणून बेडच्या क्रमाने जायचे नाही. लाल रुग्ण सर्वांत आधी.

लाल कोणाला म्हणायचे हे लिहून भिंतीवर लावा: ऑक्सिजन किंवा इनोट्रोपवर (बीपी टिकवायच्या औषधावर) असलेला, गेल्या २४ तासांत आयसीयूतून बाहेर आलेला, मोठ्या ऑपरेशननंतरचा पहिला दिवस, रक्त चालू असलेला, आणि न्यूज-२ मध्ये ५ किंवा जास्त गुण असलेला. न्यूज-२ ही ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची २०१७ ची गुणपद्धत. श्वासाची गती, ऑक्सिजन सॅच्युरेशन, ऑक्सिजन लावला आहे की नाही, वरचे बीपी, नाडी, शुद्ध आणि तापमान यांवरून गुण मिळतात. ५ ला तातडीने बघायचे, ७ ला सगळे सोडून धावायचे. १६ वर्षांखालील मुलांना आणि गरोदर बायकांना ती लावायची नाही. या यादीत आणखी एक ओळ हवीच: सिस्टर किंवा नातेवाईक ‘आज काहीतरी वेगळे वाटतेय’ म्हणाले तर लाल. लाल की पिवळा अशी शंका आली तरी लाल.

कागद

तोंडी ओव्हर लक्षात राहत नाही. ब्रिटनमधल्या एका प्रयोगात (२००७) १२ काल्पनिक रुग्णांची माहिती एकाकडून दुसऱ्याकडे अशी पाच फेऱ्यांत दिली. नुसती तोंडी दिलेली २.५ टक्के उरली. ऐकताना टिपून घेतलेली ८५.५ टक्के आणि छापील कागदासह दिलेली ९९ टक्के. त्यामुळे कागद हवा की नको हा वादच नाही. तो कसा हवा, एवढेच बघायचे.

एका रुग्णाला एक ओळ आणि सहा रकाने: रंग; नाव, आयपीडी (दाखल रुग्णाचा) नंबर, वय, वजन; निदान आणि कितवा दिवस; करायची कामे; जर-तर, म्हणजे काय बिघडले तर काय करायचे; अ‍ॅलर्जी. बेड नंबर पेन्सिलने लिहा. फ्लोअर बेडवरचा रुग्ण रात्रीतून खाटेवर जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. वॉर्डात एकाच आडनावाचे दोघे असतील तर दोन्ही ओळींवर ठळक खूण करा.

‘आज’, ‘उद्या’, ‘सकाळी’ हे शब्द कागदावर चालत नाहीत. काल लिहिलेले ‘उद्या एचआरसीटी’ (एक प्रकारचा सीटी स्कॅन) आज तसेच उतरवले जाते, परवाही तसेच, आणि रुग्ण तीन दिवस ‘उद्या’ची वाट बघतो. तारीख आणि २४ तासांच्या घड्याळाची वेळ लिहायची. लघुरूपांचेही तसेच. ‘एमएस’ हृदयवाल्याला मायट्रल स्टेनोसिस वाटते, न्यूरोवाल्याला मल्टिपल स्क्लेरोसिस. ‘पीटी’ म्हणजे रक्ताची चाचणी की फिजिओथेरपी? युनिटने आपली वीस-पंचवीस लघुरूपे ठरवून कागदाच्या मागे छापावीत. बाकीचे शब्द पूर्ण लिहावेत.

व्हॉट्सअ‍ॅपवर इंडोर पेपरचे (दाखल रुग्णाच्या केसपेपरचे) फोटो टाकणे ही ओव्हर नव्हे. निळी खूण म्हणजे फोटो उघडला एवढेच. तो वाचला आणि कळला असे त्यातून ठरत नाही. रुग्णाचे नाव, आजार आणि चेहरा तीस-चाळीस जणांच्या ग्रुपवर कायमचा पडून राहतो, हा वेगळा अपराध.

नव्या डॉक्टरला आधी घ्यायला शिकवा

बहुतेक ठिकाणी नव्या इंटर्नला पहिल्याच संध्याकाळी सांगतात, ‘जा, ओव्हर देऊन ये.’ हा क्रम उलटा करा. पहिले तीन दिवस त्याने कुठलीही ओव्हर द्यायची नाही, फक्त घ्यायची. अपुऱ्या ओव्हरवर रात्र काढली की आपल्याला काय कळायला हवे होते ते नेमके समजते. तीन दिवसांनी तेच तो दुसऱ्याला सांगू लागतो. अर्थात त्या रात्री त्याच्यासोबत जेआर-२ असलाच पाहिजे.

घेणाऱ्याला शिकवायची तीन कामे आहेत. पहिले, हातात पेन. दुसरे, लाल रुग्ण झाल्यावर तो आपल्या शब्दांत परत सांगायचा. पोपटासारखे नाही. रुग्णाला काय झाले आहे, मी काय करणार, काय झाले तर कोणाला फोन करणार, एवढे. तिसरे, निदान एक प्रश्न विचारायचा. या तिसऱ्या कामाला नवी मुले फार बिचकतात. प्रश्न विचारला तर आपल्याला येत नाही असे दिसेल, सर चिडतील, अशी भीती असते. म्हणून तो नियमच करा: एकही प्रश्न न विचारता लाल रुग्ण घ्यायचा नाही. नियम असला की विचारणाऱ्याला लाज वाटत नाही.

चौदा नंबरची तीच ओव्हर या पद्धतीने कशी होते, बघा. दोघी जेआर-१, एकाच बॅचच्या. मॅडम म्हणजे त्यांच्या सीनियर, एनएस-१ ही डेंग्यूची रक्तचाचणी, आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट हे सलाइन.

“लाल. १४ नंबर. वय २६, वजन ५२ किलो. डेंग्यू, एनएस-१ पॉझिटिव्ह, तापाचा सहावा दिवस. दुपारी ३ पासून ताप नाही. हिमॅटोक्रिट सकाळी ३८, संध्याकाळी ६ ला ४४. प्लेटलेट ३८ हजार, कुठून रक्त नाही. बीपी १०४/७६, नाडी ९८. आरएल ताशी १५० मिली चालू आहे. रात्री १० ला हिमॅटोक्रिट पाठवायचं. रिपोर्ट तू स्वतः बघायचा. ४६ किंवा वर आलं, किंवा वरच्या-खालच्या बीपीतला फरक २० वर आला, तर आरएल ताशी २६० करून त्याच मिनिटाला मॅडमना फोन. हे मॅडमशी बोलून ठरलंय. प्लेटलेट आणखी उतरल्या तरी रक्तस्राव नसेल तर त्या चढवायच्या नाहीत. नवरा बाहेर आहे, त्याला सांगितलंय की ताप उतरला तरी आजची रात्र महत्त्वाची.”

“म्हणजे १४ नंबर लाल, आणि ताप उतरलाय हीच काळजी. १० ला हिमॅटोक्रिट, मी स्वतः बघणार. ४६ किंवा फरक २० झाला की २६० आणि मॅडमना फोन. प्लेटलेट रक्तस्राव असेल तरच. बीपी दर तासाला घेऊ ना?”

“हो, दर तासाला.”

“आणि लघवी कोण मोजतंय?”

“कॅथेटर नाही. मावशींना भांड्याने मोजायला सांगितलंय... पण चार्टवर कोणी लिहीत नाहीये.”

“मग आधी तेच बघते. ताशी २५ च्या खाली गेली तरी मॅडमना कळवते.”

दीड-दोन मिनिटांचे काम. शेवटचा प्रश्न आला नसता तर सकाळपर्यंत इनपुट-आउटपुट चार्ट कोराच राहिला असता, आणि देणारीच्या डोक्यात मात्र ‘लघवी मोजली जातेय’ असेच असते.

देणाऱ्याचा साचा

वरची ओव्हर ‘आय-पास’ या साच्यात बसते. आय म्हणजे इलनेस सिव्हिएरिटी, आजार किती गंभीर. पी म्हणजे पेशंट समरी, रुग्णाचा सारांश. ए म्हणजे अ‍ॅक्शन लिस्ट, करायची कामे. पहिला एस सिच्युएशन अवेअरनेसचा, म्हणजे काय बिघडू शकते आणि बिघडले तर काय. दुसरा एस सिंथेसिसचा, म्हणजे घेणाऱ्याने परत सांगणे. अमेरिका आणि कॅनडातल्या ९ ठिकाणच्या बालरोग रेसिडेंट्सवर तो वापरून बघितला गेला. १०,७४० अ‍ॅडमिशनचा हा अभ्यास २०१४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या, टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी, आणि ओव्हरला लागणारा वेळ वाढला नाही.

हा आकडा ऐकला की पुष्कळ ठिकाणी आय-पासचे पोस्टर छापून भिंतीला लावतात आणि काम झाले असे समजतात. त्या अभ्यासात पोस्टरपलीकडे पुष्कळ होते: दोन तासांची कार्यशाळा, एक तास भूमिका करून सराव, संगणकावरचा पाठ, शिकवणाऱ्यांचे वेगळे प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष ओव्हर होताना बघून भरायचे फॉर्म. गुण त्या सगळ्याचा मिळून आहे.

सारांश तीन वाक्यांत, ४५ सेकंदांत. मोबाइलचा टायमर लावून सराव घ्या. पहिल्या वाक्यात कोण आणि का दाखल, दुसऱ्यात आत्तापर्यंत काय केले, तिसऱ्यात आत्ता या क्षणी कसा आहे. ‘ताप पाच दिवसांपासून, थंडी वाजून, अंगदुखी, उलट्या दोन’ असा प्रवेशाच्या वेळचा इतिहास इंटर्न पाठ म्हणतात, कारण युनिटच्या राउंडला तसेच सांगायचे असते. राउंड आणि ओव्हर यांत फरक आहे. राउंडला निदानापर्यंत कसे पोचलो ते सांगायचे. ओव्हरला पुढच्या बारा तासांत काय करायचे ते.

कामांच्या यादीत प्रत्येक कामाला चार गोष्टी हव्यात: काय, किती वाजता, कोण, आणि निकाल आला की पुढे काय. ‘पोटॅशियम बघ’ हे काम नव्हे. ‘२२:०० ला पाठवलेले पोटॅशियम २३:०० ला तू लॅबमधून घे, ३.३ च्या खाली असेल तर इन्सुलिनचे इन्फ्युजन थांबव, आधी पोटॅशियम दे आणि सरांना कळव’ हे काम. मधुमेही कीटोअ‍ॅसिडोसिसच्या (मधुमेहात रक्त आम्लधर्मी होण्याच्या) रुग्णात ही एक ओळ जीव वाचवते. ‘कोण’ हा रकाना इंटर्नमुळे नेहमी रिकामा राहतो. जेआर समजतो सॅम्पल इंटर्नने नेले, इंटर्न समजतो वॉर्डबॉय मामांनी नेले, आणि सकाळी बल्ब (सॅम्पलची छोटी बाटली) ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात सापडतो.

जर-तर: इथे सगळ्यांत जास्त वेळ घाला

नवा डॉक्टर सारांश आठवड्यात शिकतो, कामांची यादी दहा दिवसांत. जर-तर मात्र त्याला सुचतच नाही, कारण काय बिघडू शकते हे कळायला तो आजार बिघडताना बघितलेला असावा लागतो. म्हणून पहिल्या महिन्यात त्याच्याकडून जर-तर मागू नका, त्याला द्या. युनिटमध्ये वारंवार येणाऱ्या दहा आजारांची जर-तर वाक्ये सीनियरनी लिहून ठेवावीत. नमुन्यादाखल तीन.

विषारी सापाचा दंश, रक्त न गोठणारा रुग्ण. एएसव्ही म्हणजे सर्पविषावरचे औषध, व्हायल म्हणजे त्याची कुपी. ‘१० व्हायल एएसव्ही २१:४० ला संपले. ०३:४० ला २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. रक्त गोठले नाही तर सरांना उठवून एएसव्हीचा पुढचा डोस.’ याच्या पुढे एक शब्द आणखी हवा: काचेची. २ मिली ताजे रक्त नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवायचे असते. रात्री काचेची नळी सापडत नाही म्हणून प्लास्टिकच्या बल्बमध्ये रक्त घेतले की चाचणीचा निकाल भरवशाचा राहत नाही. ओव्हर देणाऱ्याने नळी आधीच काढून रुग्णाच्या फाइलला चिकटपट्टीने लावून ठेवावी. ओव्हरमध्ये शब्दांबरोबर वस्तूही द्यायची असते.

ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशकाची विषबाधा. अ‍ॅट्रोपिन हा विषावरचा उतारा चालू आहे, छाती मोकळी आहे, रुग्ण बोलतो आहे. नवा डॉक्टर याला दुसऱ्याच दिवशी पिवळा करतो. पण २४ ते ९६ तासांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू दुबळे पडू शकतात. म्हणून: ‘दर दोन तासांनी उशीवरून डोके उचलायला सांग. उचलता आले नाही, किंवा एका श्वासात मोजलेले आकडे कमी होऊ लागले, तर सॅच्युरेशन ९८ असले तरी लगेच भूलतज्ज्ञांना कॉल.’ सॅच्युरेशन पडेपर्यंत थांबले की उशीर झालेला असतो, आणि ते पडलेले नाही हेच नव्याला धीर देत राहते. हा रुग्ण एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर केस, असतो. पोलीस इंटिमेशन गेले की नाही तेही याच ओळीत.

एक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढून येणारे झटके), मॅगसल्फ (झटक्यांवरचे मॅग्नेशियम सल्फेट) चालू. ‘शेवटचा ५ ग्रॅमचा डोस १९:०० ला, पुढचा २३:०० ला. देण्याआधी गुडघ्याचा जर्क आहे ना, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहे ना, लघवी ताशी ३० मिलीहून कमी नाही ना. तिन्हींपैकी एक जरी नसेल तर डोस द्यायचा नाही, मॅडमना फोन. श्वास मंदावला तर कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम शिरेतून सावकाश. अँप्युल बेडजवळच्या ट्रेमध्ये आहे.’ शेवटच्या डोसची वेळ चुकली तर एकतर डोस दोनदा जातो किंवा झटका परत येतो.

या वाक्यांत आकडा असतो, वेळ असते आणि कोणाला फोन करायचा ते असते. ‘गरज वाटली तर कळव’ हे वाक्य युनिटमधून हद्दपार करा. गरज कधी वाटावी, हेच तर नव्याला ठाऊक नसते.

दुसऱ्या महिन्यापासून वाक्ये त्याने लिहायची आणि सीनियरने तपासायची. तीन लाल रुग्ण, प्रत्येकी एक वाक्य, रोज. दुरुस्त करताना खोडू नका. बाजूला लिहा की रात्री दोन वाजता हे वाक्य वाचून काय करायचे ते कळत नाही.

दोन चिठ्ठ्यांचा सराव

नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी ९० मिनिटे. त्यातली २० मिनिटे बोलणे, उरलेली सगळी सरावाला. तिघांचे गट करा: देणारा, घेणारा, बघणारा. देणाऱ्याला तीन कागदी रुग्णांचे इंडोर पेपर द्या, वाचायला दहा मिनिटे. या पेपरमध्ये खड्डे पेरून ठेवा. एकात पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी प्रवेशाच्या पानावर आहे पण औषधांच्या चार्टवर नाही. दुसऱ्यात ब्लड कल्चर पाठवले आहे आणि रिपोर्ट यायचा आहे. तिसऱ्यात वजन एका पानावर ४५ आणि दुसऱ्यावर ५४, नातेवाइकांनी संध्याकाळी डामावर (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी) जायचे म्हटले आहे आणि ते कोपऱ्यात सिस्टरांच्या अक्षरात लिहिलेले आहे.

ओव्हर झाली की दोघांना वेगळे बसवा आणि एकेक चिठ्ठी द्या: प्रत्येक रुग्णाबद्दल सर्वांत महत्त्वाची एक गोष्ट, आणि रात्री करायचे एक काम. मग चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवा. काही बोलायची गरज पडत नाही. आपण तीनदा सांगितलेली गोष्ट समोरच्याच्या चिठ्ठीवर नाही, हे डोळ्यांनी बघितलेला डॉक्टर पुन्हा ‘मी तर सांगितले होते’ म्हणत नाही. भूमिका बदलून दुसरी फेरी घ्या. खड्डे मात्र दर बॅचला बदला, कारण उत्तरे होस्टेलवर आधीच पोचलेली असतात.

वॉर्डात, बाजूला उभे राहून

आता खऱ्या ओव्हर. प्रत्येक नव्या डॉक्टरच्या निदान दहा ओव्हर कोणीतरी सीनियरने उभे राहून बघाव्यात, त्यातल्या तीन तरी रात्रीच्या किंवा रविवारच्या. एकट्याने ओव्हर द्यायची परवानगी त्यानंतर. फॉर्म पाच ओळींचा पुरे: लाल आधी घेतले का, कामांना वेळ आणि माणूस होता का, जर-तरमध्ये आकडा होता का, घेणाऱ्याने परत सांगितले का, मध्ये किती वेळा अडथळा आला. हो किंवा नाही. दहापैकी गुण देऊ नका, सगळ्यांना सात मिळतात.

बघताना मध्ये बोलायचे नाही. रुग्णाला धोका होईल अशी गोष्ट सुटली तरच बोलायचे, आणि तेही ‘एक राहिले’ एवढेच, म्हणजे काय राहिले ते त्याला स्वतः शोधता येईल. अभिप्राय तिथल्या तिथे, दोन मिनिटांत, नातेवाईक आणि ज्युनियर यांच्यासमोर नाही. एका वेळी एकच सुधारणा सांगा.

रात्री तीनच्या फोनवर सीनियर कसा बोलतो, यावर पुष्कळ काही ठरते. ‘एवढ्यासाठी उठवलेस?’ हे एकदा ऐकलेला जेआर-१ पुढच्या वेळी पाच वाजेपर्यंत वाट बघतो. ओव्हरमध्ये लिहिलेले जर-तर घडले आणि त्याने फोन केला, तर फोन बरोबरच आहे. या फोनसाठी एसबार हा साचा शिकवा: काय चालले आहे, मागचा संदर्भ, मला काय वाटते, मला काय हवे आहे. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून आलेली ही पद्धत आहे. नव्यांकडून तिचा शेवटचा भाग हमखास सुटतो. बीपी, नाडी, रिपोर्ट सगळे सांगून ते गप्प होतात. ‘सर, तुम्ही येऊन बघावे असे मला वाटते’ हे वाक्य मोठ्याने म्हणायचा सराव द्या. अगदी दहादा म्हणवून घ्या.

वॉर्डाबाहेर

आयसीयूतून वॉर्डात, ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) रिकव्हरीत, आणि ग्रामीण रुग्णालयातून मेडिकल कॉलेजात जाणाऱ्या रुग्णांची ओव्हर वेगळी शिकवावी लागते. इथे दोघे एकमेकांना ओळखत नाहीत आणि परत विचारायची सोय नसते. रेफर चिठ्ठीवर ‘फॉर फर्दर मॅनेजमेंट’ लिहून १०८ मध्ये बसवलेला रुग्ण म्हणजे ओव्हरच नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात मॅगसल्फचा १० ग्रॅमचा पहिला डोस देऊन पाठवलेल्या बाईच्या चिठ्ठीवर ती वेळ नसेल, तर कॉलेजात एकतर पुन्हा लोडिंग डोस जातो किंवा कोणीतरी घाबरून पुढचाही देत नाही. चिठ्ठीवर चार गोष्टी हव्यातच: काय दिले आणि किती वाजता, निघताना बीपी, नाडी, सॅच्युरेशन, का पाठवतो आहोत, पाठवणाऱ्याचा चालू असलेला फोन नंबर. समोरच्या कॅज्युअल्टीला फोन करून ज्याच्याशी बोललो त्याचे नावही त्यावर लिहायचे. जिल्हा रेसिडेन्सीच्या तीन महिन्यांत पीजी (पदव्युत्तर) विद्यार्थी जिल्हा रुग्णालयात असतात. पाठवण्याच्या बाजूने ही चिठ्ठी लिहिण्याचा सराव त्यांना तिथे द्यावा. परत आल्यावर अपुरी चिठ्ठी घेऊन आलेल्या रुग्णाकडे ते वेगळ्या नजरेने बघतात.

दर बॅचला पुन्हा

इंटर्नशिप बारा महिन्यांची, पण काही पोस्टिंग दोनच आठवड्यांची. मुलगा साचा शिकतो तोवर पुढच्या विभागात गेलेला असतो. म्हणून ९० मिनिटांचे सत्र वर्षातून एकदा घेऊन भागत नाही, बॅच बदलली की पहिल्या दिवशी ते व्हायला हवे. सगळे विभाग एकच कागद वापरत असतील तर दुसऱ्या पोस्टिंगला पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागत नाही.

महिन्यातून एकदा, कोणाला न सांगता, खऱ्या ओव्हरनंतर त्याच दोन चिठ्ठ्या द्या. तीन लाल रुग्ण, प्रत्येकी सर्वांत महत्त्वाची एक गोष्ट. किती जुळल्या तो आकडा युनिटच्या वहीत तारखेसह लिहा. ही चाचणी सीनियर रेसिडेंट आणि लेक्चरर यांच्याही ओव्हरची घ्यावी, आणि त्यांच्या चिठ्ठ्याही सगळ्यांसमोर उघडाव्यात.